चौदाव्या स्थानाशी थांबणारी शाळा

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीकडून वज्रेश्वरी, शिरसाड करत पश्चिमेला निघालं की डोंगर आणि भातखाचरं मागे पडतात आणि वसईची बागायत सुरू होते. वाटेत वज्रेश्वरीचं देऊळ लागतं. वसईची मोहीम फत्ते झाली तर देऊळ बांधीन, असा चिमाजी अप्पांनी देवीला केलेला नवस आणि १७३९चा विजय, या दोन्हींची आठवण त्या दगडी तटाशी जोडलेली आहे. त्या विजयानंतर पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय धर्मगुरू गेले. चर्चमधल्या घंटाही मराठा सरदारांबरोबर घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे, वाईजवळच्या मेणवलीतल्या घंटेवर १७०७. मागे राहिले ते इथले शेतकरी, कोळी, कारागीर. त्यांनी आपला ख्रिस्ती धर्म मराठीत आणि मराठीच्या सामवेदी, वाडवळी बोलींत जपला.

आज त्यांच्या धर्मग्रामांना लागून प्राथमिक शाळा आहेत. उपवासकाळ सरत आला आणि वार्षिक परीक्षा तोंडावर आली की या शाळांच्या पटांगणात क्रुसाची वाट होते. गुड फ्रायडेला सुट्टी, म्हणून शाळेतली वाट त्याआधीच्या एखाद्या शुक्रवारी. मोठ्यांची वाट चर्चमध्ये किंवा गावातून निघते. तिला गर्दी असते, ध्वनिक्षेपक असतो. मुलांची वाट तासाभरात उरकते. तरीही रसिकाने निवड करायची झाली तर मी मुलांची निवडीन, आणि ते मुलांच्या कौतुकापोटी नाही. या रचनेची खरी ताकद मुलांच्या हातात जास्त स्पष्ट दिसते, असं मला वाटतं.

रचना चौदा स्थानांची. ख्रिस्ताला मृत्युदंड ठोठावला जातो, तिथपासून त्याला कबरेत ठेवतात, तिथपर्यंत. ही भक्ती फ्रान्सिस्कन संन्याशांनी युरोपभर नेली; स्थानांची संख्या चौदा ही १७३१मध्ये पोप बाराव्या क्लेमेंट यांनी पक्की केली, म्हणजे वसई पडण्याच्या आठच वर्षं आधी. प्रत्येक स्थानाचा साचा एकच: स्थानाचं नाव पुकारायचं, गुडघा टेकून वंदन, छोटं वाचन, चिंतन, प्रार्थना, आणि पुढच्या स्थानापर्यंत चालताना गीताचं एक कडवं. चौदा वेळा तेच. लिखित मजकूर म्हणून वाचाल तर कंटाळा येईल. ही रचना पायांनी वाचायची आहे. चालणं, थांबणं, टेकणं, उठणं हाच तिचा छंद आहे आणि शब्द त्या छंदात बसवलेले आहेत.

त्या छंदात एक गोष्ट फार कौशल्याने ठेवलेली आहे. ख्रिस्त तीन वेळा पडतो: तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी. पहिल्या आणि दुसऱ्या पडण्यात चार स्थानांचं अंतर, दुसऱ्या आणि तिसऱ्यात फक्त दोनचं. भजनात शेवटाकडे टाळांची लय चढत जाते तसं इथे पडणं जवळ जवळ येत जातं. कुणी ‘आता तो थकला’ असं सांगत नाही. थकवा अंतरातून कळतो. मधल्या तीन स्थानांत त्याला माणसं भेटतात: चौथ्यात आई, पाचव्यात क्रूस उचलायला लावलेला शिमोन, सहाव्यात तोंड पुसणारी वेरोनिका. मग तो पुन्हा पडतो. आठव्यात यरुशलेमच्या रडणाऱ्या बाया. आणि नवव्यानंतर वाटेत कुणीही भेटत नाही. दहाव्यापासून पुढे त्याच्या अंगाला लागणारे हात फक्त कपडे काढणाऱ्यांचे आणि खिळे ठोकणाऱ्यांचे. तेराव्यात त्याला खाली उतरवतात, तेव्हा पुन्हा मायेचे हात येतात, पण ते त्याला जाणवत नाहीत. एवढी काटेकोर वास्तू भक्तिमार्गी लोकपरंपरेने घडवली आहे.

लोकपरंपरा म्हणतो ते जाणीवपूर्वक. तिन्ही पडणी, आईची भेट आणि वेरोनिकेचा रुमाल ही पाच स्थानं शुभवर्तमानांत नाहीत. शुभवर्तमानं या रस्त्याबद्दल फार थोडं बोलतात. श्रद्धावंतांना ते पुरेना. एवढं ओझं घेऊन माणूस पडल्याशिवाय कसा राहील? आई गर्दीत नसेल असं कसं होईल? कुणीतरी तोंड पुसलं असेलच ना? हे सगळे प्रश्न घरच्या माणसाचे आहेत. उत्तर म्हणून जी स्थानं आली, तीच आज मुलांना सर्वांत नीट करता येतात. दरबार, न्याय, राजकारण हे पहिल्या स्थानातलं नाट्य त्यांना पेलत नाही; पिलात झालेला मुलगा पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून मोकळा होतो. पण पडणं, आई दिसणं, रुमाल पुढे करणं यांत त्यांना काही शिकवावं लागत नाही.

अशा एका वाटेतला शिमोन मला विसरता येत नाही. चौथीतला मुलगा, अंगावर शाळेचाच गणवेश. बाकीच्यांना रंगीत चादरी आणि पुठ्ठ्याची शिरस्त्राणं होती; शिमोनला बाईंनी मुद्दाम काहीच दिलं नव्हतं. तो आपल्या वर्गाच्या रांगेत उभा होता आणि शिपायांनी त्याला रांगेतून ओढून काढला. मार्काच्या शुभवर्तमानात शिमोन हा शेतावरून येणारा, आलेक्सांद्र आणि रूफ या दोघांचा बाप, आणि त्याच्यावर सक्ती होते. तो पोरगा ओढत नेला जाताना एकदा मागे वळून आपल्या जागेकडे बघता झाला. क्रुसाजवळ आल्यावर आधी त्याने पायांतल्या चपला काढल्या, जोडून बाजूला ठेवल्या आणि मग लाकडाला हात लावला. हे त्याला कुणी सांगितलं नसावं, कारण बाई क्षणभर गोंधळलेल्या दिसल्या. शिपाई झालेली मुलंही थांबली.

भरताने रसाची सामग्री सांगताना विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव अशी मांडणी केली. हौशी धार्मिक नाटकं बहुधा फसतात ती व्यभिचारी भावांत: विषाद दाखवायचा, चिंता दाखवायची म्हणून चेहरे वाकडे होतात. मुलांना शोकाचा अभिनय अजून जमत नाही. त्यांच्याकडे उरतो तो अनुभाव, म्हणजे शरीराने केलेली साधी कृती, आणि त्या चपला काढण्यात करुण रस पुरेपूर उतरला होता. सक्ती झालेला माणूस त्या सक्तीलाच आदर देतो, हा शिमोनच्या प्रसंगाचा गाभा. पाच मिनिटांच्या चिंतनात तो सांगता आला नसता. सात्त्विक भावांतला स्वेद तर एप्रिलच्या पटांगणात आपोआप येतो. ख्रिस्त झालेला मुलगा नवव्या स्थानी पडतो तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम खरा असतो आणि तापलेल्या फरशीवरचे गुडघे पण.

शाळेच्या वाटेत आणखी एक गुण आहे, जो चर्चमधल्या वाटेत येत नाही. पहिल्या स्थानी ‘याला क्रुसावर द्या’ म्हणणारा जमाव लागतो. तो जमाव म्हणजे सगळी शाळा. वर्गांच्या रांगा ओरडतात. मग त्याच रांगांतून शिमोन ओढला जातो, त्याच रांगांतून रुमाल घेऊन एक मुलगी पुढे येते. ओरडणारे आणि मदत करणारे वेगळ्या दारांनी रंगमंचावर येत नाहीत. या शाळांत ख्रिस्ती घरांबरोबर हिंदू, आदिवासी, मुसलमान घरांतलीही मुलं असतात, आणि हौसेने शिपाई किंवा बाया झालेली मुलं कुठल्या घरची आहेत हे गणवेशावरून कळत नाही. दिग्दर्शन म्हणून हे कुणी योजलेलं नसतं. जागा कमी, पोशाख कमी, म्हणून घडतं. पण अर्थ मात्र फार मोठा लागतो.

दोष सांगायचे तर चिंतनाचा मजकूर. तो मोठ्यांनी लिहिलेला असतो आणि बहुतेक वेळा लांबतो. तिसरीतली मुलगी माइकसमोर उभी राहते आणि तिला ‘मानवजातीच्या पापांचे परिमार्जन’ असले शब्द गिळावे लागतात. दुसरा दोष परीक्षेच्या दिवसांतला: दुसऱ्या पडण्याला जोडून ‘तुम्हीही अपयशाने खचू नका, पुन्हा उठा, यश मिळेल’ असं सांगण्याचा मोह. मुलांना धीर द्यावा हे खरं, पण हा पुरुष यश मिळवायला उठत नाही. उठला की पुढे टेकडीच आहे, हे ठाऊक असून उठतो. मजकुराने ते हलकं केलं की सातवं स्थान कोसळतं. चौथ्या स्थानाला तर मजकूरच नको. आई आणि मुलगा समोरासमोर उभे राहिले की वाचणाऱ्याने गप्प बसावं.

मराठीला हे दुःख सांगता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. इंग्लंडहून १५७९मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचलं आणि ते १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण असे दोन भाग, दुसऱ्यात ख्रिस्ताचं चरित्र. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पुराणांच्या जागी गायला-ऐकायला काही हवं होतं, ती भूक त्यामागे होती. आपल्या काळात वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं, त्याच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. ओवीचा चौथा चरण जसा तोकडा असतो, तशी तोकडी वाक्यं मुलांच्या चिंतनात हवी आहेत. ती लिहिणारं कुणीतरी एखाद्या शाळेच्या शिक्षक-खोलीतच बसलेलं असेल.

वाटेइतकीच देखणी एक तयारी वर्गात बाकांवर चालते. झावळ्यांच्या रविवारासाठी नारळाच्या कोवळ्या पातीचे क्रूस वळायचे. पातीचा हीर काढून टाकायचा, लांब पट्टी मधोमध दुमडायची, आडवी पट्टी तिच्यात अडकवून चौकोनी गाठ घट्ट ओढायची. दुसरीतल्या बोटांना गाठ साधत नाही. पात चिरते, नवी घ्यावी लागते, वर्गात ओल्या हिरव्याचा वास भरतो. हे क्रूस घरी तसबिरीमागे खोचले जातात आणि वर्षभर वाळतात. पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर वाळलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख होते आणि राखेच्या बुधवारी ती कपाळावर लागते. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होऊन निकालाशी संपतं. या पातीचं वर्ष हिरव्यातून राखेकडे आणि राखेतून पुन्हा हिरव्याकडे जातं. दोन्ही वर्षं मुलाच्या एकाच हातातून जातात. सशाची आणि रंगीत अंड्यांची चित्रं हल्ली फळ्याशेजारी लागतात, मुलांना ती आवडतात. मला त्या गाठीपुढे ती फिकी वाटतात.

उपवासकाळाची सगळी कलाच राखून ठेवण्याची आहे. राखेच्या बुधवारपासून आलेलुया गात नाहीत. वेदीवर फुलं नसतात, वस्त्रांचा रंग जांभळा. पवित्र गुरुवारी गौरवगीताच्या वेळी घंटा घणघणतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या राहतात. ज्या प्रदेशाने १७३९मध्ये आपल्या घंटा जाताना पाहिल्या, त्या प्रदेशातल्या मुलांना ही दोन दिवसांची शांतता जरा वेगळी ऐकू यावी. शनिवारी रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्काची मेणबत्ती लागते. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात आणि धुपाचे पाच खडे रोवलेले. मग दीड महिना दडवलेला आलेलुया परत येतो.

शाळेची वाट मात्र चौदाव्या स्थानाशी, कबरेशी थांबते. अलीकडे काही ठिकाणी पंधरावं स्थान जोडतात: पुनरुत्थान. मुलांना दुःखावर सोडू नये, हा त्यामागचा विचार मला समजतो. तरी शाळेने ते जोडू नये असं माझं ठाम मत आहे. कबरेनंतर लगेच पांढऱ्या चादरीतला मुलगा हात पसरून उभा राहिला की आधीची चौदा स्थानं केवळ प्रस्तावना ठरतात आणि करुणाचं अद्भुतात जे रूपांतर तीन दिवसांच्या उपाशी वाट पाहण्यातून व्हायला हवं, ते टाळ्यांत आटोपतं. शुभवर्तमानंही तेच करतात. चारपैकी एकातही पुनरुत्थानाचा क्षण वर्णिलेला नाही. पहाटे बाया येतात, कबर मोकळी असते, आणि बातमी तोंडोतोंडी पसरते.

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. २०२५मध्ये तो २० एप्रिलला आला आणि राज्यातल्या शाळांच्या परीक्षा त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबल्या होत्या. अशा वर्षी जी मुलं शनिवारी रात्री चर्चला जात नाहीत, त्यांच्यापुरती गोष्ट कबरेवर दगड लोटलेला असतानाच सुट्टीत जाते. मग सुट्टीनंतरच्या पहिल्या पेपराआधी, पाट्या आणि कंपासपेट्या सावरत, कुणीतरी विचारतं, ‘मग पुढे काय झालं?’ आणि शेजारच्या बाकावरची मुलगी, जी शनिवारी अर्धवट झोपेत आईच्या मांडीवर होती, ती आपल्या बोलीत, मधलं विसरत, शेवट आधी सांगत, त्याला सगळं सांगून टाकते.