आवाज येतो, पण शब्द कळत नाही

एनसीईआरटीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून 'ध्वनी' हे प्रकरण अनेक वर्षे शिकवले गेले. माणसाची श्रवणमर्यादा 20 ते 20,000 हर्ट्झ असते आणि वयानुसार वरच्या वारंवारता कमी ऐकू येतात, असे त्यात सांगितले आहे. हे बरोबरच आहे. पण अपुरे आहे. विद्यार्थ्याला वाटते, आजीला रातकिड्यांची किरकिर ऐकू आली नाही, तर बिघडले कुठे?

बिघडते ते बोलणे समजण्यात. जवाहरनगरला आमच्या घरी बारसे होते. भांड्यांचा आणि मुलांचा गलका चालू होता. कोणीतरी 'सात पानं वाढा' म्हणाले, आईने 'साठ' ऐकले. सगळे हसले. ती दिवसभर गप्पच होती. रात्री म्हणाली, "आवाज येते रे, पण बोलणं समजत नाही."

तिचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. स्वरांची बरीचशी ऊर्जा 1,000 हर्ट्झच्या खाली असते. व्यंजने ओळखण्याच्या अनेक खुणा 2,000 हर्ट्झच्या वर असतात. 'आ' पोचतो, 'त' की 'ठ' हे निसटते. शांततेत मेंदू संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो. गोंगाटात ते अवघड होते. शिवाय जवळजवळच्या वारंवारता वेगळ्या करण्यास मदत करणाऱ्या कर्णावर्तातील केशपेशी वयानुसार नष्ट होतात व पुन्हा तयार होत नाहीत. मग बोलणे आणि गलका एकमेकांत मिसळतात. म्हणून नुसते ओरडून भागत नाही.

शांत खोलीतील चाचणीतही हे सगळे दिसतेच असे नाही. कुजावा व लिबरमन यांनी 2009 मध्ये उंदरांवर दाखवले, की मोठ्या आवाजानंतर श्रवणक्षमता पूर्ववत झाली, तरी केशपेशी व श्रवणचेता यांच्यातील अनेक जोडण्या कायमच्या तुटल्या होत्या.

पुस्तकात यासाठी एक सोपा प्रयोग हवा होता. तो आपण वर्गात करू शकतो. मधल्या सुट्टीचा गलका मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वाजवा. एका विद्यार्थ्याने 'पान', 'कान', 'सात', 'साठ' असे शब्द उलटसुलट क्रमाने वाचावेत. इतरांनी आधी पाठमोरे बसून, मग समोर पाहून लिहावेत. ओठ दिसले की 'पान' लगेच ओळखू येईल. 'सात-साठ'चा घोळ मात्र राहू शकेल. मग पूर्ण वाक्य वाचा आणि फरक मोजा.

पन्नाशीच्या शिक्षकालाही मागच्या बाकावरचे उत्तर चुकीचे ऐकू येऊ शकते. अशा वेळी मूल चुकले, असे ठरवण्याआधी पुन्हा विचारावे. आणि घरी आजीशी बोलताना टीव्ही बंद करून, समोर उजेडात बसून, सावकाश बोलावे. हर्ट्झच्या आकड्यांबरोबर एवढे शिकवले, तर तो धडा पूर्ण होईल.