जोडी जुळत नसेल, तर संगणकाने सांगावे

समजा, एका यादीत मुलींची नावे आहेत आणि दुसरीत त्यांची आडनावे. पहिल्या नावाला पहिले आडनाव, दुसऱ्याला दुसरे, अशी घटकवार जोडणी करून पूर्ण नावांची तिसरी यादी करायची आहे. काम सोपे आहे. पण नावे तीन आणि आडनावे दोनच असली तर? संगणकभाषेची परीक्षा येथे होते.

संख्याशास्त्रात खूप वापरल्या जाणाऱ्या 'आर' या भाषेत यासाठी 'पेस्ट' हे फलन आहे. त्याला 'सुमन, रझिया, अनिता' आणि 'जाधव, शेख' या याद्या दिल्या, तर उत्तर मिळते : 'सुमन जाधव, रझिया शेख, अनिता जाधव'. आडनावे संपताच 'आर' पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते आणि तसे सांगतही नाही. याच भाषेत तीन संख्यांच्या यादीत दोन संख्यांची यादी मिळवली, तर पुनरावृत्ती होते, पण निदान इशारा मिळतो. अंकांना जी दक्षता, ती शब्दांना का नाही? शिवाय माहिती उपलब्ध नसल्याची 'एनए' ही खूणसुद्धा 'पेस्ट' साधी अक्षरे समजून नावापुढे चिकटवते.

'पायथॉन'मधील 'झिप' उलट वागते. लहान यादी संपली की ते थांबते. अनिता उत्तरातून नाहीशी होते. २०२१ साली आलेल्या ३.१० या आवृत्तीत 'स्ट्रिक्ट' हा पर्याय मिळाला. तो वापरल्यास असमान याद्यांवर चूक दाखवली जाते. मात्र तो आपण होऊन मागावा लागतो. ज्याला धोका ठाऊकच नाही, तो कसा मागणार?

पुनरावृत्ती नेहमीच वाईट, असे नाही. 'इयत्ता' हा एकच शब्द 'पाचवी, सहावी, सातवी' या प्रत्येकापुढे लावायचा असेल, तर ती सोयीचीच. 'पायथॉन'साठी असलेल्या 'नमपाय' या फलनसंचाने हा विवेक पाळला आहे. एकच घटक असेल तर तो सर्वांना लावला जातो. तीनास दोन जोडू पाहिल्यास काम थांबते आणि चूक दाखवली जाते. मला हीच पद्धत योग्य वाटते. थांबलेले काम लगेच लक्षात येते. 'अनिता जाधव' मात्र खरीच वाटते आणि तशीच दाखल्यावर छापली जाते.

म्हणून वर्गात हा पाठ घेताना याद्या मुद्दाम असमान द्याव्यात. काय उत्तर येईल, हे मुलांना आधी वहीत लिहू द्यावे, मग संगणकावर पडताळून पाहू द्यावे. जोडण्यापूर्वी दोन्ही याद्या मोजण्याची सवय त्यातून लागेल.