पडलेला की पाडलेला?

मराठीत पडणे आणि पाडणे यांत फक्त एका कान्याचा फरक. पण उत्तर फ्रान्समधल्या कूसीच्या किल्ल्याबद्दल बोलायचं, तर सगळा वाद त्या कान्याचाच आहे.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आंगेराँ तिसरा याने तो बांधला. हा राजा नव्हे बरं का, सरदार! आणि त्याचा मुख्य बुरूज साधारण 55 मीटर उंच, 30 मीटरहून जास्त व्यासाचा. पॅरिसमध्ये खुद्द राजाने बांधलेला लूव्रचा बुरूज याच्या जवळजवळ निम्मा. शत्रूला अडवायला इतकी उंची लागत नाही. ती राजाला दिसावी म्हणून होती, असं माझं मत.

1652 साली, फ्रोंदच्या बंडाच्या धामधुमीत, माझारँच्या हुकमावरून किल्ला राहण्याजोगा ठेवला नाही. बुरूज तेवढा टिकला. एकोणिसाव्या शतकात त्याला लोखंडी पट्टे आवळले व्हिओले-ल-द्यूकने. तिथे हात राखून काम करणाऱ्या याच माणसाने जवळच्या पिएरफाँला 1857 पासून अवशेषांवर अख्खा किल्ला उभा केला. इमारत पूर्वी कधीच नसेल अशा पूर्णावस्थेलाही नेता येते, अशी त्याची जीर्णोद्धाराची व्याख्या. म्हणजे ‘होती तशी’ नाही, तर ‘असायला हवी होती तशी’! तर्क सुंदर आहे, पण त्यात इतिहासाला जागाच उरत नाही.

याउलट रस्किन. 1849 मध्येच त्याने जीर्णोद्धाराला सरळ विध्वंस म्हटलं. पण त्याच्या मनातली पडझड काळाने केलेली, सावकाश झालेली. कूसीचं काय करायचं? मार्च 1917 मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने तो बुरूज सुमारे 28 टन स्फोटकांनी उडवला. युवराज रुप्रेख्टचा विरोध होता. लुडेनडॉर्फने ऐकलं नाही.

युद्धानंतर फ्रान्सने बुरूज पुन्हा बांधला नाही. शत्रूच्या रानटीपणाचा पुरावा म्हणून दगडांचा ढीग तसाच ठेवला. ‘तसाच ठेवला’ म्हणजे काहीच केलं नाही, असं आपण समजतो. पण हीसुद्धा निवडच ना! 1917 चा सुरुंग लक्षात राहावा म्हणून ढीग राखला. 1652 चा सुरुंग आपल्याच सरकारचा होता, त्याच्या खुणा मात्र ‘मध्ययुगीन अवशेष’ या गोड नावाखाली गेल्या.