स्कॅनमध्ये दिसले नाही, म्हणजे नाही का?

आमच्या चाळीसगावातील केकी मूस (१९१२-१९८९) यांची टेबल-टॉप छायाचित्रे विद्यार्थ्यांना दाखवताना आम्ही विचारतो : दिसतो तो देखावा, पण कॅमेऱ्यासमोर काय होते? टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तू! चित्र खोटे नसते, अर्थ लावताना आपण चुकतो.

वैद्यकीय प्रतिमांवरील मराठी लेखनात हीच जाणीव कमी पडते. १७ मार्च २०१९ रोजी मनोहर पर्रीकर यांचे स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले. त्या सुमारास या रोगावर पुष्कळ लिहिले गेले. आमच्या वाचनात आलेल्या लेखांत लक्षणे होती, यंत्रांची नावे होती, 'चौथी स्टेज' होती. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन स्कॅनला काय विचारतो, हे मात्र क्वचितच होते.

त्याचा प्रश्न असतो : गाठ पूर्ण काढता येईल का? सीटी स्कॅनच्या वेळी शिरेत आयोडीनयुक्त द्रव्य टोचतात. सुमारे ४०-४५ सेकंदांनी निरोगी स्वादुपिंड उजळते, गाठ बहुधा काळसर राहते. सुमारे ७० सेकंदांनी यकृत व शिरा स्पष्ट होतात. गाठ आतड्याच्या मुख्य रोहिणीला भिडली असेल, तर तिचा वेढा अंशांत मोजतात. तो १८० अंशांपर्यंत असेल, तर सहसा आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रियेचा विचार होतो; त्याहून जास्त असेल, तर लगेच शस्त्रक्रिया करीत नाहीत. पेन्सिलीभोवती माती लावून हे वर्गात सहज दाखवता येते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. यकृतावरचे किंवा पोटाच्या आतील आवरणावरचे काही मिलिमीटरचे कण स्कॅनमधून निसटू शकतात. म्हणूनच काही रुग्णांचे पोट आधी दुर्बिणीने तपासतात. तसेच काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट घातल्यावर सूज येऊन चित्र अस्पष्ट होऊ शकते. जंतुसंसर्गामुळे घाई नसेल, तर स्कॅन आधी करणे बरे. चाळीसगावहून धुळे, नाशिक किंवा मुंबई गाठणाऱ्या कुटुंबाला यंत्राच्या नावापेक्षा ही माहिती अधिक उपयोगी आहे.

'पसरलेले दिसले नाही' आणि 'पसरलेले नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. शेत विकून केलेल्या शस्त्रक्रियेत पोट उघडून तसेच बंद करावे लागले, की नातेवाइकांना फसवल्यासारखे वाटते. या दोन वाक्यांतील फरक त्यांना आधीच कळावा, ही जबाबदारी विज्ञान लिहिणाऱ्यांची आहे, तशीच ते शिकवणाऱ्या आपलीही.