फावल्या वेळाचा हिशेब

माझ्या लग्नाच्या बायोडाटात छंदांच्या रकान्यात आईने 'वाचन, क्रिकेट' असं लिहिलंय. वाचन खरं आहे. क्रिकेट मी दहावीनंतर खेळलेलो नाही. मी क्रोशाने ब्लँकेटं विणतो, पण ते लिहायला आईने साफ नकार दिला. गंमत अशी, की चाळीसेक वर्षांपूर्वी तिच्याच धाकट्या बहिणीचं स्थळ सांगताना घरच्यांनी 'शिवण, भरतकाम, विणकाम सगळं येतं' हे पहिल्या वाक्यात सांगितलं होतं. त्या घरी मुलगी पसंत पडली, त्यात या वाक्याचाही वाटा असेल.

ती मावशी अकोल्याला असते. क्रोशा मी तिच्याकडूनच शिकलो. २०२० साली पुण्याची खोली सोडून अमरावतीला परत आलो, दिवसभर लॅपटॉप आणि रात्री झोप नाही, अशी गत. गाड्या सुरू झाल्यावर बडनेऱ्याहून अकोल्याला गेलो आणि तिच्या शेजारी बसून साखळी घालायला लागलो. "काहून रे, तुले काम नाही का?" हा तिचा पहिला प्रश्न. "सुई अशी नको धरू, पेन हाये का ते?" हा दुसरा. आठवड्याभरात खांब जमले, महिनाभरात चौकोन. इंग्रजीत त्याला 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात, म्हणजे आजीचा चौकोन. मधोमध साखळीचं एक कडं, त्याभोवती तीन-तीन खांबांचे झुबके, कोपऱ्यात दोन झुबके आणि मध्ये साखळी. असे शे-दीडशे चौकोन जोडले की ब्लँकेट होतं.

हे सगळं सांगण्याचं कारण एक पुस्तक आहे. मारिया मीस यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर', १९८२ साली लंडनच्या झेड प्रेसने काढलेलं. मीस जर्मन समाजशास्त्रज्ञ. साठच्या दशकात त्या पुण्यात जर्मन शिकवत होत्या. २०२३ साली त्या गेल्या. हे पुस्तक आंध्रच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या बायकांवर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे तिचा निर्यातीचा धंदा झाला. मीस यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे जाऊन पाहिलं, तेव्हा या धंद्यात लाखाच्या घरात बायका होत्या आणि त्या कुठल्याच नोंदीत 'कामगार' म्हणून ठळकपणे दिसत नव्हत्या. घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास सुई चालायची. मिळकत सरकारने ठरवलेल्या किमान मजुरीच्या कितीतरी खाली. दोरा देणारा, माल गोळा करणारा, परदेशी पाठवणारा, हे बहुतेक पुरुष. आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं: बायका घरीच असतात, फावल्या वेळात विणतात.

मीस यांचं म्हणणं असं, की या एका वाक्यावर धंदा उभा आहे. बाईला 'गृहिणी' म्हटलं की तिचं काम काम राहत नाही, वेळेचा उपयोग होतो. आणि वेळेच्या उपयोगाला मजुरी मागायची नसते. यालाच त्या गृहिणीकरण म्हणतात. पुस्तकातलं मला सर्वांत बोचलेलं निरीक्षण जातीचं आहे. घराबाहेर न पडणं ही इज्जत मानणाऱ्या कापू घरांतल्या बायका घरात बसून लेस विणत होत्या; शेतात मजुरीला जाणाऱ्या दलित बायका त्यांच्यापेक्षा जास्त कमावत होत्या आणि मोकळेपणाने फिरत होत्या. म्हणजे कमी मजुरीची किंमत इज्जतीच्या रूपाने फेडली जात होती. हे वाचताना मला अकोल्यातली आमची गल्ली दिसली. मावसाजी जिनिंगमध्ये होते, पगार बेताचा. पण मावशी 'कामाला जात नाही' हे घरात अभिमानाने सांगितलं जायचं. ती एका दुकानदाराला नगावर ब्लँकेटं विणून देते, हे मात्र पाहुण्यांना सांगायची पद्धत नव्हती. पाहुण्यांना सांगायचं, तिला आवड आहे.

इथवर पुस्तकाशी माझं भांडण नाही. भांडण पुढे आहे. दोनशे पानांच्या आतल्या या पुस्तकात लेसबद्दल माहिती आहे, पण ती श्रमविभागणी समजावण्यापुरती: फुलं एकीने विणायची, ती दुसरीने जोडायची. कोणाचा हात चांगला होता? कोणता नमुना विणताना बायकांना मजा यायची, कोणता नकोसा व्हायचा? एखादीने स्वतःच्या मुलीसाठी काही वेगळं विणलं का? पुस्तक हे विचारत नाही. बायकांची दखल घेणारं पुस्तक त्यांच्या हातातल्या वस्तूकडे मात्र निर्यातदाराच्याच नजरेने बघतं: नग किती, दर काय.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतलं आहे. अलाबामातल्या जीज बेंड या गावी काळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. रंग, तोल, लय, सगळ्यावर भरभरून लिहिलं गेलं. पाच वर्षांनी, २००७ साली, त्यांतल्या काही जणी पैशांसाठी कोर्टात गेल्या; पुढच्या वर्षी तडजोड झाली. एका नजरेला फक्त मजुरी दिसली, दुसरीला फक्त रंग. वस्तू एकच असताना असं का व्हावं?

म्हणून मावशीच्या एका ब्लँकेटकडे मी नीट बघायचं ठरवलं. आधी माझं सांगतो. माझे रंग मोबाइलवर जुळवलेले असतात: पाच छटा, ठरलेला क्रम, पांढरी किनार. फोटोत ते छान दिसतं. प्रत्यक्षात तिसऱ्या ओळीपर्यंत डोळ्याला नियम कळतो आणि मग बघायला काही उरत नाही. मावशीचं तसं नाही. तिचे रंग साड्यांचे आहेत: राणी, मोरपंखी, डाळिंबी, शेवाळी, हळदी, आमसुली. दुकानदाराच्या मालात ती त्याने दिलेलेच रंग वापरते, पण घरचं ब्लँकेट उरलेल्या गुंड्यांचं असतं. त्यामुळे चौकोनाच्या मधेच मोरपंखी संपून शेवाळी सुरू होतो. तिचा नियम एवढाच, की शेजारी शेजारी एक रंग येऊ द्यायचा नाही. बाकी जे हाताला लागेल ते. डाव्या कोपऱ्यात चार चौकोन गडद झालेत, म्हणून उजवीकडे एकच हळदी चौकोन तिने असा बसवलाय की सगळं ब्लँकेट सावरतं. मी विचारलं, हे ठरवून केलंस का? "ठरवते काय त्यात! तिकडं अंधारलं होतं, दिवा लावला."

ही रीत क्रोशाची नाही, गोधडीची आहे. जुनं लुगडं, फाटका सदरा, उरलेली चिंधी. जे आहे त्यातून जुळवायचं. ज्या गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत आहे, त्यांना अंगावरच्या ठिगळांमुळे लोक गोधडे महाराज म्हणत. सुई बाहेरून आली, चौकोनाला नाव इंग्रजी, पण आमच्याकडच्या बायकांनी तिच्यात गोधडीचं व्याकरण घातलं. फरक एकच, आणि तो लहान नाही: गोधडीचं कापड आधी अंगावर वापरलेलं सुती होतं. मावशीचं उलन ॲक्रिलिक आहे. मावसाजींनी आयुष्यभर ज्या कापसाच्या गाठी मोजल्या, तो वऱ्हाडातून बाहेर गेला आणि घरात विणायला तेलापासून बनलेला धागा आला. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जाणाऱ्या गावात! पण सुती धाग्याचं एवढं मोठं ब्लँकेट जड होतं आणि महागही पडतं, हे मी करून पाहिलंय.

आता हिशेब. माझं ब्लँकेट १८० चौकोनांचं होतं. चौकोनाला २५ मिनिटं धरली तर ७५ तास, जोडणी आणि किनारीचे १५, एकूण ९० तास. धागा ९०० रुपयांचा. ऑफिसातल्या एकाने ते ४,५०० ला घेतलं. म्हणजे तासाला ४० रुपये. त्याने वर कौतुकही केलं: इंजिनिअर असून किती पेशन्स! मावशीचा हात जलद. तेवढंच ब्लँकेट ती ५५ तासांत करते. धागा दुकानदाराचा, तिला नगाचे ६०० मिळायचे. तासाला अकरा रुपयेही नाहीत. विणणारा पुरुष आणि पगारदार असला की तीच गोष्ट कला होते, हेही या आकड्यांत आहेच. दुकानात झगमगीत दिसणाऱ्या क्रोशाच्या टॉपकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघतो. स्वेटर विणायची यंत्रं आहेत. खऱ्या क्रोशाचं काम अजून हातानेच होतं. तो टॉप पाचशेला मिळत असेल, तर कोणाच्या तरी फावल्या वेळाला काय दर लागला असेल?

हा हिशेब मी मावशीला कागदावर मांडून दाखवला. मला वाटलं, तिचे डोळे उघडतील. ती कागदाकडे बघून म्हणाली, "तुले काय वाटलं, मले माहीत नाही?" मग बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना म्हणाली, "विणताना माह्या डोक्यात कोनी नसते रे. ना सासू, ना पैसा. आता प्रत्येक चौकोनाले तुये अकरा रुपये आठवतीन."

मीस यांच्या पुस्तकात हे वाक्य नाही, आणि असायला हवं होतं. त्यांचा निष्कर्ष त्याने खोटा ठरत नाही. उलट, लूट इतकी वर्षं कशी टिकते ते त्यातूनच कळतं: बाईला जी एकमेव मोकळी जागा मिळते, तिथेच व्यापारी दुकान मांडतो, आणि दर मागायचा तर आधी ती जागा हातची जाते. पुस्तकाने आनंदाचा विचार केला असता, तर त्याचा राग आणखी धारदार झाला असता. तरीही क्रोशाबद्दल काही वाचायचं असेल तर मी नमुन्यांच्या पुस्तकांआधी हेच सुचवेन. नमुने हाताला शिकवतात, हे पुस्तक विणलेली वस्तू कोणाच्या हातून आली ते विचारायला लावतं.

त्या दिवाळीत मावशीने दुकानदाराला नगाचे १,२०० सांगितले. त्याने वर्षाला वीसऐवजी सहाच नग घेतले. म्हणजे १२,००० ऐवजी ७,२००. हा हिशेबही मीच तिला करून दिला, थोडा घाबरत. ती म्हणाली, बरं झालं, उरल्या वेळात घरचं विणते. घरचं म्हणजे माझ्या लग्नाचं ब्लँकेट. मुलगी अजून ठरलेली नाही. बायोडाटात क्रिकेट आहे. परवा फोनवर तिने विचारलं, किनार काळी घालू का डाळिंबी? मी मोबाइलवर रंग जुळवून बघतो म्हणालो, तर तिने फोन ठेवून दिला.