'धर्मात्मा' : एका अपयशाची फेरतपासणी

'प्रभात'चा 'धर्मात्मा' (१९३५) हा बोलपट म्हणजे बालगंधर्वांचे अपयश, असे सामान्यतः मानले जाते. त्याचे कारणही ठरून गेलेले आहे : ज्यांना भामिनी आणि सिंधू म्हणून पाहिले, त्यांना प्रेक्षकांनी एकनाथांच्या पुरुषवेषात स्वीकारले नाही. हे कारण सोयीचे आहे. पुरेसे मात्र नाही. पुढच्याच वर्षी 'संत तुकाराम'मध्ये ज्यांना प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, ते विष्णुपंत पागनीसही मूळचे स्त्रीभूमिका करणारे गायक नटच होते.

तेव्हा कारण अन्यत्र शोधावयास हवे. बालगंधर्वांचे नागठाणे कृष्णाकाठचे. तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेथून निघालेल्या परंपरेचे बालगंधर्व हे परिपक्व फळ होय. सांगलीच्याच खाडिलकरांच्या 'मानापमाना'तील (१९११) गोविंदराव टेंब्यांच्या चाली घेऊन ते गात, तेव्हा पद किती वेळ चालावे हे गायक आणि 'वन्स मोअर' देणारे प्रेक्षागृह मिळून ठरवीत. बोलपटात तो अधिकार संकलकाच्या कात्रीकडे जातो. मास्तर कृष्णरावांचे संगीत गोड असूनही त्याला पसरावयास अवकाश नाही. आणि दाद देणारा श्रोता तर समोर नाहीच.

दुसरी गोष्ट कथेची. शांतारामबापूंचे लक्ष अस्पृश्यतेच्या प्रश्नावर होते. 'महात्मा' हे मूळ नाव गांधीजींची आठवण करून देते म्हणून बदलावे लागले, यावरून चित्रपटाचा रोख स्पष्ट होतो. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढणे, त्यांच्या घरी जेवणे, हे प्रसंग आजही धारदार वाटतात. परंतु त्यांतला संघर्ष एकनाथांच्या भोवती घडतो, अंतरंगात नव्हे. नायक आरंभीच सिद्ध आहे. नटाने करावयाचे काय? उलट दामले-फत्तेलालांचा तुकाराम जिजाईच्या (गौरी) रोखठोक बोलण्यापुढे उभा राहतो, आणि त्याचा अभंग संसारातूनच उगवतो. पागनीसांना मिळालेला हा आधार बालगंधर्वांना मिळाला नाही.

रूढ मताची खरी कसोटी 'साध्वी मीराबाई' (१९३७) ही होय. बाबूराव पेंटरांच्या या बोलपटात बालगंधर्व पुन्हा स्त्रीवेषात, रंगभूमीवर गाजविलेल्याच भूमिकेत दिसले. वेष हेच अपयशाचे कारण असते, तर येथे यश यावयास हवे होते. ते आले नाही; आणि बालगंधर्व रंगभूमीकडे परतले.