‘सनद’ आणि नोंद

बुलढाणा जिल्ह्यात एखाद्या कायदे-पदवीधराने वकिली आरंभिली म्हणजे त्याला ‘सनद मिळाली’ असे म्हणतात. हा प्रयोग सर्वत्र रूढ असला तरी निर्दोष नाही. ‘सनद’ हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठी दप्तरात रुळला तो मुख्यतः वतन-इनामांच्या संदर्भात. त्यामुळे देणाऱ्याच्या कृपेची छटा त्याला चिकटली. १८७९ च्या विधिव्यवसायी कायद्याखाली प्लीडरला प्रमाणपत्र न्यायालयाकडून मिळे व ते मुदतीनंतर नवे करून घ्यावे लागे. तेथे हा शब्द शोभत होता. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने मात्र हा अधिकार राज्याच्या वकील परिषदेकडे आणला. कलम २४ च्या अटी पुऱ्या करणाऱ्याचे नाव परिषदेच्या पटावर दाखल होते, आणि कलम २२ चे प्रमाणपत्र ही त्या नोंदीची केवळ खूण होय.

अधिनियमात या नोंदणीचे शुल्क ७५० रुपये, व अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. असे असता अनेक राज्य परिषदा हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी बेकायदा ठरविली; पूर्वी घेतलेली रक्कम परत करण्याचे बंधन मात्र घातले नाही. शब्दामुळे शुल्क वाढले असे म्हणणे भाषाशास्त्राला न शोभणारे धाडस ठरेल. परंतु मेहकर-लोणारकडील शेतकऱ्याचा मुलगा ‘सनद मिळवावयास’ निघतो तेव्हा मागितलेली रक्कम कोणत्या कलमाखाली, हे विचारण्याचे त्याला सहसा सुचत नाही. ‘वकिला’चा ‘अधिवक्ता’ केल्याने यात काही फरक पडलेला नाही. तेथे बदलले ते व्यवसायिकाचे नाव. अर्जावर व प्रमाणपत्रावर ‘पटनोंदणी’ असे स्वच्छ छापणे अधिक उपयोगाचे होईल.